शिलोहचा बुरूज, शीळफाट्याची इमारत

ख्रिस्ती धर्माने पुनर्जन्म आणि कर्मसिद्धान्त स्वीकारला तर निष्पाप माणसाच्या दुःखाचा त्याला छळणारा प्रश्न कायमचा सुटेल, अशी सूचना अधूनमधून केली जाते, आणि ती करणारे सगळेच चर्चच्या बाहेरचे असतात असे नाही. ठाण्यासारख्या शहरात ती स्वाभाविकही वाटते. मासुंदा तलावाच्या परिसरात कौपिनेश्वराचे देऊळ आणि सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. नगर-जालन्याकडून नोकरीसाठी येऊन कळवा, ऐरोली, घणसोली या भागांत स्थायिक झालेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे ज्या भाषेत जगतात तिच्यात ‘प्रारब्ध’, ‘भोग’, ‘ऋणानुबंध’, ‘मागच्या जन्मीचे देणे’ हे शब्द इतके मुरलेले आहेत की एखाद्या घरातले लहान मूल गेले तर सांत्वनाला आलेल्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडूनही तेच बाहेर पडतात, आणि पुढच्याच वाक्यात प्रभूच्या इच्छेचा उल्लेख होतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु सांत्वनापुरती उसनी घेतलेली ही भाषा सिद्धान्त म्हणून पुढे केली जाते तेव्हा तिची तपासणी करावी लागते. मी स्वतः मराठी ख्रिस्ती असल्यामुळे ती तपासणी आतून करणार आहे.

माझे म्हणणे असे की पुनर्जन्माने निरपराधाच्या दुःखाचा अर्थ लागतो असे वाटते खरे, पण प्रत्यक्षात त्या हिशेबात निरपराध असा कोणी उरतच नाही. चार दिवसांचे बाळ तापाने जाते, तेव्हा त्याच्या खात्यावर मागच्या कुठल्यातरी जन्माची बाकी दाखवली की जमाखर्च जुळतो. फक्त तो जुळवण्यासाठी त्या बाळाला अपराधी ठरवावे लागते. ख्रिस्ती परंपरेने, निदान तिच्या मूळ ग्रंथांनी, हा हिशेब जुळवण्याचे नाकारले आणि त्याची किंमतही मोजली, कारण त्यामुळे तिच्याकडे दुःखाचे समाधानकारक स्पष्टीकरण राहिले नाही. ही किंमत मोजणे योग्य होते असे मला वाटते.

आधी कर्मसिद्धान्ताची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ख्रिस्ती प्रचारकांनी गेल्या दोन शतकांत तिची पुष्कळदा थट्टा केली आहे आणि ती थट्टा अज्ञानातून आलेली होती. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’ असे सूत्र आहे. ईश्वराने एकाला सुखी आणि दुसऱ्याला दुःखी निर्माण केले असेल तर तो पक्षपाती आणि निर्दय ठरतो, हा आक्षेप तिथे स्पष्टपणे घेतलेला आहे, आणि ईश्वर प्राण्यांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो, म्हणून दोष त्याच्याकडे जात नाही, असे उत्तर दिलेले आहे. शंकराचार्य त्यावरील भाष्यात पावसाचा दृष्टान्त देतात: पाऊस भाताला आणि जवाला सारखाच पडतो, पण उगवते ते बीजाप्रमाणे. मग पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कुठून आले, हा पुढचा प्रश्नही सूत्रकार टाळत नाहीत. संसार अनादी आहे, असे ते सांगतात. विचार म्हणून हे उत्तर भक्कम आहे, आणि त्यामागची प्रेरणा ईश्वराला अन्यायाच्या आरोपातून सोडवण्याची, म्हणजे अत्यंत धार्मिक आहे.

गंमत अशी की जवळपास हेच उत्तर तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने दिले होते. कोणी ग्रीकांत जन्मतो, कोणी रानटी समजल्या जाणाऱ्या टोळ्यांत, कोणी जन्मतःच गुलाम असतो, तर मग देव न्यायी कसा, असा प्रश्न त्याच्या काळचे मार्सियन आणि व्हॅलेंटिनस यांचे अनुयायी विचारत होते. ओरिजेनने उत्तर दिले की आत्मे देहात येण्यापूर्वीही अस्तित्वात होते, स्वतंत्र इच्छेने कमीअधिक घसरले, आणि ज्याच्या त्याच्या घसरणीप्रमाणे ज्याला त्याला स्थान मिळाले. शंकराचार्यांच्या कित्येक शतके आधी, दुसऱ्याच भूमीवर, तोच आक्षेप आणि तोच बचाव. सम्राट जस्टिनियनने ५४३ साली आज्ञापत्र काढून आत्म्यांच्या पूर्वास्तित्वाचे हे मत निषिद्ध ठरवले आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडलेल्या निषेधपत्रांतही ते आले. यावरून एक लोकप्रिय दंतकथा तयार झाली आहे, ती अशी की बायबलमध्ये पुनर्जन्म होता आणि त्या परिषदेने तो खोडून टाकला. हे खरे नाही. ओरिजेन पूर्वास्तित्व मानत होता, परंतु एका देहातून दुसऱ्या देहात जाण्याची कल्पना त्याने बायबलमधील येशूच्या चरित्रांपैकी एक असलेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानावरील आपल्या भाष्यात स्पष्टपणे नाकारली आहे.

तो ज्या संदर्भात नाकारतो तो ठाणेकरांना जवळचा आहे. तलावपाळीजवळचे चर्च ज्या योहानाच्या नावाने आहे, तो बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे पुनर्जन्म घेतलेला एलीया संदेष्टा, असा दावा पुनर्जन्मवादी करतात, कारण येणारा एलीया तो हाच, असे येशू म्हणतो. पण शास्त्रातील कथेप्रमाणे एलीया मेलाच नव्हता, तो वावटळीतून वर घेतला गेला; शिवाय योहानाच्या मृत्यूनंतर डोंगरावर येशूशी बोलताना जो दिसला तो एलीया म्हणूनच दिसला, आणि तू एलीया आहेस काय असे खुद्द योहानाला विचारले तेव्हा त्याने नाही म्हटले. योहान एलीयाच्या आत्म्याने आणि सामर्थ्याने चालेल, हे लूकच्या शुभवर्तमानातले शब्द पुरेसे आहेत. या मुद्द्यावर अधिक वेळ घालवण्याची गरज नाही, कारण इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात माणसांना एकदाच मरणे आणि त्यानंतर न्याय नेमलेला आहे असे स्वच्छ म्हटले आहे, आणि कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही त्याच आधारावर पुनर्जन्म नाकारलेला आहे.

पण एखादी गोष्ट ग्रंथात नाही एवढ्याने ती चुकीची ठरत नाही, आणि हा लेख तेवढ्यासाठी लिहिलेला नाही. प्रश्न असा आहे की येशूसमोर हा हिशेब प्रत्यक्ष मांडला गेला तेव्हा त्याने काय केले.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस रस्त्यात दिसतो आणि शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. पुनर्जन्मवादी इथेच थांबून म्हणतात की पाहा, जन्माआधीचे पाप शिष्यांच्या मनात होते. असेलही, गर्भातल्या पापाची कल्पना त्या काळी काहींच्या मनात होती. पण येशूने दोन्ही पर्याय फेटाळले, आणि देवाची कार्ये याच्या ठायी प्रकट व्हावीत, दिवस आहे तोवर आपल्याला कामे केली पाहिजेत, असे म्हणून तो मातीत थुंकला, चिखल केला आणि तो त्या माणसाच्या डोळ्यांना लावून त्याला शिलोहच्या तळ्यावर धुवायला पाठवले. ‘देवाची कार्ये प्रकट व्हावीत’ हे वाक्यही सरळ घेतले तर त्रासदायक आहे, कारण दुसऱ्याला चमत्कार दाखवता यावा म्हणून एखाद्याने उमेदीची वर्षे अंधारात काढावीत हा कसला न्याय, असे कोणीही विचारील. मी ते वाक्य असे वाचतो की शिष्यांचे तोंड भूतकाळाकडे होते, ते येशूने समोरच्या माणसाकडे वळवले.

या अध्यायातला सर्वांत महत्त्वाचा भाग प्रवचनांत बहुधा गाळला जातो. दृष्टी आल्यावर त्या माणसाची परूशी या यहुदी धर्मपंडितांपुढे उलटतपासणी होते. तो घाबरत नाही. उलट, मला बरे करणारा हा माणूस देवापासून नसता तर त्याला काही करता आले नसते, असे तो त्या विद्वानांना सुनावतो. त्यावर त्यांचे उत्तर येते की तू सर्वस्वी पापात जन्मलास आणि आम्हाला शिकवतोस काय, आणि ते त्याला बाहेर घालवतात. शिष्यांनी कुतूहलाने विचारलेला प्रश्न इथे परतला आहे, पण आता तो हत्यार झाला आहे. जन्मापूर्वीच्या पापाचे स्पष्टीकरण कोणत्या कामी येते हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा उतारा मला माहीत नाही: ते पीडिताने तोंड उघडले की त्याला गप्प करण्याच्या कामी येते.

दुसरा प्रसंग लूकच्या तेराव्या अध्यायात आहे आणि तो इतर शुभवर्तमानांत नाही. यरुशलेममधील शिलोह इथला बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ते अठरा जण यरुशलेममध्ये राहणाऱ्या बाकी सर्वांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय, असे येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणून सांगतो. रोमन सुभेदार पिलाताने ज्या गालीली लोकांचे रक्त त्यांच्याच यज्ञबलींत मिसळले, त्यांच्याबद्दलही त्याचे तेच उत्तर आहे. म्हणजे एक दुर्घटना आणि एक राजकीय हत्याकांड, आणि दोन्ही ठिकाणी मेलेल्यांच्या पापाचा शोध घ्यायला मनाई. त्यानंतरचे वाक्य कडक आहे: तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही असाच नाश होईल. हिशेब मृतांच्या नावावरून काढून ऐकणाऱ्या जिवंतांच्या नावावर टाकलेला आहे.

आपल्याकडेही बुरूज कोसळतात. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याच्या शीळफाटा परिसरात लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. बांधकाम चालू असतानाच तिच्यात कुटुंबे राहायला आणलेली होती. मृतांत मजूर होते, बायका होत्या, लहान मुले होती. इमारत बेकायदा होती. पुढे बिल्डरांना अटक झाली, पालिकेच्या आणि पोलिसांच्या काही अधिकाऱ्यांनाही झाली. आता या ७४ जणांचे प्रारब्ध एकाच संध्याकाळी एकाच ठिकाणी फळाला आले असे म्हणायचे असेल, तर त्याबरोबर आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते, ती अशी की निकृष्ट बांधकाम करणारा आणि त्याकडे डोळेझाक करणारा हे दोघेही त्या प्रारब्धाचे हस्तक होते. कर्मसिद्धान्ताचे जाणकार यावर म्हणतील की हस्तकालाही त्याच्या कर्माचे फळ मिळेलच, आणि ते त्यांच्या चौकटीत बरोबर आहे. परंतु सामान्य व्यवहारात हा दुसरा भाग पुढच्या जन्मावर जातो आणि पहिला भाग इथेच लागू होतो. मेलेल्यांचा निकाल आज लागतो, मारणाऱ्यांचा केव्हातरी. ख्रिस्ती भाषेनेही हेच काम केलेले आहे, हे लगेच जोडले पाहिजे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमध्ये मोरबीचा झुलता पूल तुटला, त्यानंतर अटकेतील एका व्यवस्थापकाने न्यायालयात ती देवाची इच्छा होती असे म्हटल्याच्या बातम्या आल्या. ‘देवाची इच्छा’ हे शब्द कोणत्याही धर्माच्या माणसाला इतकेच सोयीचे आहेत, आणि आमच्या प्रार्थनागृहांत ते फार स्वस्त झालेले आहेत.

यावर एक वाजवी आक्षेप असा येईल की कर्मसिद्धान्ताने असंख्य माणसांना दुःख सोसण्याचे बळ दिले आहे, आणि हे बळ खोटे होते असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. खरोखरच नाही. इथे कोण कोणाबद्दल बोलतो हे पाहणे मला निर्णायक वाटते. स्वतःच्या दुःखाला माणूस स्वतः जो अर्थ देतो, त्यात ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. तोच अर्थ शेजाऱ्याने दिला की त्याचे स्वरूप बदलते. चोखामेळ्यांचा प्रसिद्ध अभंग आहे: ‘यातीहीन मी महार। पूर्वी निळाचा अवतार॥ कृष्णनिंदा घडली होती। म्हणोनि महार जन्म प्राप्ती॥’ हे चोखोबा स्वतःबद्दल म्हणतात. त्यात भक्ताची नम्रता वाचायची की लादलेल्या लाजेचे ओझे वाचायचे, यावर मतभेद होऊ शकतात. पण महाद्वाराच्या आतल्या माणसाने चोखोबांकडे पाहून तेच शब्द उच्चारले तर त्याबद्दल मतभेद होण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धाच्या धम्माची मांडणी करताना नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. गतजन्मीचे कर्म या जन्मी भोगावे लागते या सिद्धान्ताचा उपयोग राज्याला आणि समाजाला गरिबांच्या व दलितांच्या स्थितीची जबाबदारी टाळता यावी एवढाच असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पंडिता रमाबाईंनाही आपल्या अध्ययनात आढळले होते की स्त्रीला मुक्ती हवी असेल तर तिने जन्म घेत घेत आधी उच्चवर्णीय पुरुषाच्या जन्मापर्यंत पोहोचले पाहिजे, आणि त्यांच्या धर्मांतराच्या कारणांत या शोधाचा वाटा होता.

बिहारमध्ये १५ जानेवारी १९३४ रोजी भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला. गांधीजी ‘आपले’ पाप म्हणत होते, त्यात स्वतःला धरत होते, आणि त्यांचा हेतू तर अस्पृश्यता नष्ट करण्याचाच होता. तरीही ढिगाऱ्याखाली गेलेल्यांत ज्यांच्यावर ते पाप झाले तीही माणसे असणार, हे त्या युक्तिवादात कुठेच बसत नव्हते. चांगल्या कामासाठी वापरला तरी हा हिशेब चुकतो, याचे यापेक्षा मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

हा आक्षेप भारतीय परंपरेला बाहेरून घेतला जातो असेही समजू नये. महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्य ऋषींची कथा येते. चोरीचा खोटा आळ येऊन राजाच्या शिपायांनी त्यांना सुळावर चढवले. पुढे त्यांनी यमधर्माला गाठून विचारले की हे कोणत्या कर्माचे फळ, तेव्हा उत्तर मिळाले की लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. ऋषींनी ते उत्तर मान्य केले नाही. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा दिलीस म्हणून तू शूद्रयोनीत जन्म घेशील, असा शाप त्यांनी खुद्द धर्माला दिला, आणि तोच विदुर होऊन जन्मला. शिवाय चौदा वर्षांच्या आतल्या मुलाचे कृत्य पाप धरले जाणार नाही, अशी मर्यादा त्यांनी घालून दिली. शूद्रजन्म ही शिक्षा, हा भाग त्या काळाचा आहे. पण सुळावरचा माणूस हिशेबनिसाचा हिशेब तपासतो, त्याला चूक दाखवतो आणि नियम बदलायला लावतो, हे धैर्य मला बायबलमधला देवाला जाब विचारणारा पीडित ईयोब याच्या धैर्याच्या जोडीचे वाटते. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या वाचकाने माझे काहीही ऐकू नये. त्याने अणीमांडव्याचे ऐकावे. आणि ज्याला मागचे जन्म आठवत नाहीत त्याच्यावर आरोपपत्र कसे बजावायचे, हा प्रश्न तर गीतेच्या चौथ्या अध्यायातही वेगळ्या अंगाने डोकावतो: माझे आणि तुझे पुष्कळ जन्म झाले, ते सगळे मी जाणतो, तू जाणत नाहीस, असे तिथे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो.

आता आमच्याकडची उणीदुणी. कर्माचा हिशेब नाकारल्याचा दावा करणाऱ्या चर्चने तोच हिशेब दुसऱ्या नावाने पुष्कळदा चालवलेला आहे. पाचव्या शतकात धर्मपंडित ऑगस्टीनने आदिपापाचा, म्हणजे आदामाचे पाप प्रत्येकाला जन्मतःच लागते हा, सिद्धान्त इतका ताणला की बाप्तिस्म्याविना मेलेल्या अर्भकालाही शिक्षा, मग ती अगदी सौम्य का असेना, ठरवावी लागली. मध्ययुगात ती आणखी सौम्य करण्यासाठी ‘लिंबो’ नावाची अधांतरी जागा कल्पिली गेली. आणि अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगायला गंभीर कारणे आहेत, असे व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने म्हणायला २००७ साल उजाडले. कर्मसिद्धान्तात बाळाला निदान स्वतःच्या पूर्वकृत्यांचे फळ मिळते. ऑगस्टीनच्या हिशेबात ते आदामाच्या कृत्याचे मिळते. दोहोंत अधिक न्याय्य कोणते, हे ठरवायला सांगितले तर मला आमच्या बाजूने उभे राहणे कठीण जाईल. वास्तविक यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले ही म्हण इस्राएलात पुन्हा उच्चारू नका, असे बजावले होते. तरीही आज ठाण्यापासून पनवेलपर्यंत भरणाऱ्या कित्येक चंगाई सभांत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांत, पिढ्यान्‌पिढ्यांचे शाप तोडण्याच्या प्रार्थना होतात, आणि रुग्ण बरा झाला नाही की त्याचा किंवा त्याच्या आईचा विश्वास कमी पडला असे ठरते. शंभराहून अधिक वर्षे ठाण्यात मनोरुग्णालय असताना आजही कितीतरी घरांतला रुग्ण डॉक्टरच्या आधी भगताकडे किंवा चंगाई करणाऱ्याकडे नेला जातो. तिथे पूर्वजन्मीचा दोष सांगितला काय आणि घराण्याचा शाप सांगितला काय, रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

आमची दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. हुतात्म्याच्या दुःखासाठी तयार झालेली भाषा आम्ही बाळाच्या दुःखाला लावतो. ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासातली फार जुनी आठवण हुतात्म्यांचीच आहे: १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन फ्रान्सिस्कन सोबती याच शहरात मारले गेले. त्यांनी आपली वाट निवडली होती आणि तिचा शेवट काय होऊ शकतो याची त्यांना कल्पना असणार. प्रेषित पौल आपल्या दुःखाने ख्रिस्ताच्या दुःखात भर घालण्याची भाषा करतो, तीही स्वतःच्या दुःखाबद्दल. खारघरच्या कर्करोग केंद्रात रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीने काहीही निवडलेले नाही. तिला ‘क्रूस वाहणारी’ म्हणणे ऐकायला उदात्त वाटते, पण त्यात तिच्या संमतीवाचून तिच्यावर एक भूमिका लादलेली असते. हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा सण चर्च २८ डिसेंबरला, नाताळच्या ऐन धामधुमीत पाळते आणि त्यांनाही हुतात्मे म्हणते. पण त्या प्रसंगी मत्तय जे वचन उद्धृत करतो त्यात इस्राएलची आदिमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन नाकारते आहे. सांत्वन नाकारण्याचा तिचा हक्क शास्त्राने लिहून ठेवलेला आहे, हे सांत्वनाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवे.

ईयोबाच्या ग्रंथात हाच हक्क बेचाळीस अध्याय चालवला आहे. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र कर्मसिद्धान्ताचेच एक रूप मांडतात: दुःख आहे त्याअर्थी पाप असलेच पाहिजे. शेवटी देव वावटळीतून बोलतो तेव्हा तो दुःखाचे कारण सांगत नाही, आणि ही या ग्रंथाबद्दलची रास्त तक्रार आहे. परंतु या मित्रांवर माझा कोप झाला आहे, कारण माझा सेवक ईयोब याच्याप्रमाणे ते माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, एवढे तो स्पष्ट सांगतो. देवाची वकिली करणारे चुकले आणि देवावर आरोप करणारा बरोबर ठरला. ग्रंथाच्या शेवटी ईयोबाला मेंढरे, उंट, बैल, गाढवे दुप्पट मिळतात, मुले मात्र पूर्वीइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. पहिली दहा मुले, जी या कथेतली खरी निरपराध माणसे आहेत, ती घर अंगावर कोसळून मेली होती, आणि त्यांच्याबद्दल तिथे काही म्हटलेले नाही.

त्या दहा मुलांचे काय, हा प्रश्न कर्मसिद्धान्त मोकळा ठेवत नाही. त्यांना पुढचा जन्म आहे, आणखी संधी आहे. ख्रिस्ती उत्तर पुनरुत्थान हे आहे: तीच मुले, त्याच नावांची, आणि मुख्य म्हणजे झालेले पुसून न टाकता, कारण उठलेल्या ख्रिस्ताच्या हातावरही व्रण होतेच आणि शिष्य थोमाला ते दाखवले गेले. ही आशा आहे, स्पष्टीकरण नव्हे. जे झाले ते का झाले हे ती सांगत नाही. जे झाले ते योग्यच होते असेही म्हणायला लावत नाही. मला त्यातला हा संयम महत्त्वाचा वाटतो. मात्र इथे कर्मसिद्धान्त एका बाबतीत आमच्यापेक्षा दयाळू आहे हे नाकारता येणार नाही. त्यात कोणतीही शिक्षा अनंत नाही. मर्यादित आयुष्यातल्या मर्यादित पापाला कायमचा नरक, ही शिकवण जर न्यायाच्या नावाने सांगायची असेल, तर निष्पापाच्या दुःखाबद्दल इतरांना प्रश्न विचारण्याचा आमचा अधिकार कमी होतो. ओरिजेनने दोन गोष्टी मांडल्या होत्या: आत्म्यांच्या पूर्वीच्या घसरणीची, आणि शेवटी सर्वांच्या पुनःस्थापनेची. चर्चने दोन्ही टाकल्या. पहिली टाकली ते बरे झाले. दुसरीवर पुन्हा विचार व्हावा असे माझे मत आहे, आणि चौथ्या शतकातील निस्साचा ग्रेगरी तशीच आशा बाळगूनही संत मानला गेला, हा त्यासाठी पुरेसा आधार आहे.

तोवर करण्यासारखे बरेच आहे, आणि ते ठाणे आणि नवी मुंबई या दोन शहरांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांना करता येण्यासारखे आहे. अंत्यविधीच्या प्रवचनांतून ‘देवाला हे फूल आवडले’ या जातीची वाक्ये काढून टाकावीत आणि त्यांच्या जागी एखादे विलापाचे स्तोत्र वाचावे; स्तोत्रसंहितेत ती भरपूर आहेत. आजाऱ्याच्या पापाची चौकशी करणाऱ्या चंगाई सभांना आपल्या सभागृहात जागा देऊ नये. लूकच्या तेराव्या अध्यायावर बोलायचे असेल तर ते पावसाळ्याच्या तोंडावर बोलावे, कारण त्याच सुमारास ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते आणि ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक वर्गातल्या इमारती रिकाम्या करण्याच्या नोटिसा निघतात. या घरांतले भाडेकरू बहुधा निघत नाहीत, कारण एकदा घर सोडले की ते परत मिळेल याची त्यांना खात्री नसते आणि तात्पुरत्या निवाऱ्याची सोय नसते. मंडळीत वकील असतात, वास्तुविशारद असतात, पालिकेत आणि मंत्रालयात नोकरी करणारी माणसे असतात, शाळांचे वर्ग आणि सभागृहे सुट्टीत रिकामी असतात. त्या यादीतली आपल्या प्रभागातली पाने घेऊन, कोणत्या धर्माचे कुटुंब आहे हे न विचारता, घरोघर जाऊन हक्काच्या कागदपत्रांची आणि पावसाळ्यापुरत्या निवाऱ्याची व्यवस्था लावता येईल.